नीलपंख पक्षी आणि त्याची मोजदाद

सन २०१८ सालीं वर्धा शहरांत एक आगळी निवडणूक झाली. तींत उभे राहिलेले उमेदवार माणसें नसून पक्षी होते. आपल्या शहराचा नगरपक्षी कोणता असावा, हें वर्धा नगर परिषद व पक्ष्यांच्या अभ्यासास वाहिलेली तेथील बहार नेचर फाउंडेशन ही संस्था यांनीं नागरिकांसच विचारलें. हजारों लोकांनीं मतें दिलीं. त्यांत शाळांतील मुलेंमुलीही होतीं. नीलपंख निवडून आला.

मौज अशी कीं, जिंकलेल्या या उमेदवारानें कोणासही कसलेंही वचन दिलेलें नव्हतें. वचन दिलें असेल तर तें मत देणाऱ्यांनीं त्यास दिलें आहे. ज्यानें नीलपंखास मत दिलें त्यानें, हा पक्षी माझ्या गांवांत नांदावा, असेंच लिहून दिलें म्हणावयाचें. तें वचन पाळावयाचें तर हा पक्षी राहतो कोठें, खातो काय, अंडीं कोठें घालतो, त्याची संख्या वाढत आहे कीं घटत आहे, हें ठाऊक असणें अवश्य आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही याच गोष्टींचा थोडा विचार करणार आहों, आणि त्यासाठीं आपल्या जिल्ह्यांतील हिंगणीचा परिसर नजरेपुढें ठेवणार आहों.

हिंगणी हें सेलू तालुक्यांतील गांव. बोर धरणाकडे जाणारा रस्ता येथूनच जातो. बोर अभयारण्य १९७० सालीं स्थापन झालें व २०१४ सालीं त्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारें १३८ चौरस किलोमीटर गाभाक्षेत्राचा हा प्रकल्प देशांतील अगदीं लहान व्याघ्रप्रकल्पांत गणला जातो. दूरदूरचे प्रवासी मोटारींतून हिंगणीवरून जातात, तेव्हां त्यांचें चित्त वाघाकडे लागलेलें असतें. रस्त्याकडेच्या तारेवर बसलेला एक तपकिरी, सुस्तसा दिसणारा पक्षी त्यांच्या दृष्टीस पडत नाहीं, आणि पडला तरी मनांत भरत नाहीं. वस्तुतः ज्यास वर्धेकरांनीं नगरपक्षी केलें तो हाच. घनदाट अरण्य त्यास फारसें मानवत नाहीं. उघडें माळरान, कापसाचीं व तुरीचीं शेतें, बांधावरचीं जुनीं झाडें, विजेच्या तारा, ही त्याची खरी वस्ती होय. वाघाचें राज्य जेथें संपतें तेथें नीलपंखाचें सुरू होतें, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. यास्तव वाघासाठीं आंखलेल्या सीमेनें नीलपंखाचें रक्षण आपोआप होईल असें समजूं नये. त्याचें भवितव्य वनखात्याच्या हातीं जितकें आहे त्याहून अधिक शेतकऱ्याच्या हातीं आहे.

आतां पक्ष्याची ओळख करून घेऊं. नीलपंख आकारानें साधारण कबुतराएवढा. डोकें मोठें, मान आंखूड, चोंच काळसर व मजबूत. बसलेला असतांना छाती व पाठ मातकट तपकिरी दिसते, आणि डोक्यावरील व पंखांच्या कडेचा निळा रंग तेवढा डोकावतो. परंतु तो उडाला कीं पाहणाऱ्यास क्षणभर दुसराच पक्षी पाहिल्याचा भास होतो. पंखांवर गडद निळे व फिकट निळे असे पट्टे झळकतात, आणि पुन्हां तारेवर बसतांच ती सारी शोभा घडी घातलेल्या शालूप्रमाणें मिटून जाते. कोणी यास नीळकंठ म्हणतात, कोणी चास. संस्कृतांत त्याचें नांव चाष असें आहे. विद्यार्थ्यांनीं नीट पाहिल्यास त्यांच्या ध्यानांत येईल कीं, नीळकंठ हें नांव या पक्ष्यास शोभत नाहीं. त्याचा कंठ निळा नसून फिकट जांभळट तपकिरी असतो व त्यावर बारीक रेघा असतात. नीलपंख हेंच नांव खरें. आमच्या विद्यालयांतील मुलें पुष्कळदां खंड्यास नीलपंख म्हणतात. दोघेही तारेवर बसतात व दोघेही निळे, म्हणून हा घोटाळा होतो. खंड्याची चोंच लांब व लालभडक असते आणि गळा व छाती पांढरी शुभ्र असते. एवढें लक्षांत ठेविलें म्हणजे पुरे.

इंग्रजींत यास रोलर म्हणतात, त्याचें कारण वसंतांत कळतें. फेब्रुवारीपासून पुढें विणीच्या दिवसांत नर आकाशांत उंच चढतो, तेथून पंख मिटून खालीं झेंपावतो, आणि उतरतां उतरतां डावीउजवीकडे लोळण घेत कर्कश आरडाओरड करितो. याचा आवाज गोड नाहीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. कोकिळेस मत देणाऱ्यांस तो मुळींच आवडावयाचा नाहीं.

त्याच्या जेवणाची रीत मोठी पाहण्यासारखी आहे. तारेवर किंवा वठलेल्या फांदीवर तो बराच वेळ निश्चल बसून खालची जमीन न्याहाळतो. एखादा नाकतोडा हालला, एखादा भुंगेरा मातीवरून चालूं लागला, कीं तो खालीं उतरतो, भक्ष्य चोंचींत धरतो आणि परत जागेवर येऊन तें फांदीवर आपटून गिळतो. टोळ, नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे हा त्याचा मुख्य आहार. लहान बेडूक, सरडे व प्रसंगीं विंचूही तो खातो. नांगरणी चालू असतां उकरल्या मातींतले किडे टिपण्यास तो हमखास येतो. हिंदुस्थानांतील पक्षी काय खातात याचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास बिहारांतील पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेंत झाला व १९१२ सालीं प्रसिद्ध झाला. पक्ष्यांच्या पोटांतील अन्न तपासून, पिकांस अपाय करणारे कीटक कोणता पक्षी किती खातो, हें त्यांत मांडलें होतें. शेतकऱ्याचा मित्र कोण व वैरी कोण हें रंगरूपावरून ठरवूं नये, त्याच्या आहारावरून ठरवावें, हा त्या अभ्यासाचा धडा आज शंभराहून अधिक वर्षें झालीं तरी जुना झालेला नाहीं.

घरट्याची गोष्ट याहून महत्त्वाची आहे, कारण पुढें जें सांगावयाचें आहे तें तिच्यावर अवलंबून आहे. नीलपंखास स्वतः लांकूड कोरतां येत नाहीं. सुताराप्रमाणें त्याची चोंच नाहीं. जुन्या झाडाच्या खोडांत आपोआप पडलेली ढोली, किंवा सुतारपक्ष्यानें कोरून सोडलेली पोकळी, हेंच त्याचें घर. वठलेलीं झाडें त्यास विशेष प्रिय. मार्च ते जून या काळांत मादी तीन ते पांच पांढरीं अंडीं घालते. नर व मादी दोघेंही तीं उबवितात. सुमारें अठरा दिवसांनीं पिलें बाहेर पडतात आणि पुढें महिनाभर आईबापांच्या जिवावर ढोलींतच वाढतात. म्हणजे सर्व हिशेब केला तर एका जोडप्यास एक पिढी वाढविण्यास जवळजवळ दोन महिने तीच एक ढोली लागते. ऐन उन्हाळ्यांत, सरपणासाठीं वाळकें झाड शोधीत माणूस हिंडतो त्याच दिवसांत, हे दोन महिने येतात.

या पक्ष्यावर संकटें नवीं नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत व अमेरिकेंत स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांचीं पिसें खोंवण्याची इतकी टूम माजली कीं, जगभरांतून पिसांच्या पेट्या भरभरून जात. हिंदुस्थानांतून नीलपंखाचीं व खंड्याचीं पिसें या व्यापारांत मोठ्या संख्येनें गेलीं. आनंदाची गोष्ट ही कीं, या क्रूर शोभेविरुद्ध प्रथम आवाज उठविला तो स्त्रियांनींच. १८८९ सालीं इंग्लंडांत मँचेस्टर शहरीं कांहीं स्त्रियांनीं मिळून जी मंडळी काढली तीच आज तेथील पक्षिरक्षणाची सर्वांत मोठी संस्था झाली आहे. हिंदुस्थान सरकारनें १९०२ सालीं पिसांची निर्यात बंद केली. त्यानंतर दुसरें संकट राहिलें तें आपल्या घरचें. दसऱ्याच्या दिवशीं नीलपंखाचें दर्शन शुभ, अशी समजूत देशांत, विशेषतः उत्तरेकडे, फार आहे. श्रद्धेस आमचा विरोध नाहीं. आकाशांत उडणारा पक्षी पाहून कोणास आनंद होत असेल तर तो निर्दोष आनंद आहे. परंतु हें दर्शन घरबसल्या मिळावें म्हणून पक्षी धरावयाचे, त्यांचे पाय बांधावयाचे, आणि पैसे घेऊन दारोदार दाखवीत फिरावयाचें, हा प्रकार शुभ कसा होईल? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें असें करणें गुन्हा ठरविलें आहे.

तथापि फांसेपारध्याचें जाळें डोळ्यांस दिसतें. आजचें संकट दिसत नाहीं. तें मोजावें लागतें. ऑगस्ट २०२३ मध्यें भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयींचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. देशांतील सुमारें तीस हजार पक्षिनिरीक्षकांनीं वर्षानुवर्षें करून ठेवलेल्या तीन कोटी नोंदींवरून तो तयार झाला होता. त्यांत ९४२ जातींचा विचार आहे. त्यांपैकीं ३३८ जातींविषयीं दीर्घ मुदतीचा कल काढतां आला, आणि त्यांतल्या २०४ जाती घटत असल्याचें दिसून आलें. नीलपंखाचें नांव त्या घटणाऱ्यांत आहे. ज्या चौदा जाती तीस टक्क्यांहून अधिक घटल्या आणि म्हणून ज्यांची जागतिक धोक्याची पायरी पुन्हां तपासावी अशी शिफारस अभ्यासकांनीं केली, त्यांत तो आहे. आपल्या शहरानें त्यास निवडून दिलें आणि पांच वर्षांनीं ही बातमी आली.

कोणी म्हणेल, आम्हांस तर तो अजून दिसतो. खरें आहे; म्हणूनच हा काळ जपण्याचा. गिधाडांचें काय झालें तें आठवा. आमच्या लहानपणीं गांवाबाहेर मेलेलें गुरूं टाकलें कीं घटकाभरांत आकाशांतून गिधाडें उतरत. आज शाळेंत असलेल्या मुलांनीं तें दृश्य पाहिलेलें नाहीं. १९९० नंतरच्या पंधराएक वर्षांत आपल्या देशांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारीं एकसुद्धां उरलें नाहीं, इतकीं नाहींशीं झालीं. गुरांस वेदना व सूज यांवर देत असलेलें डायक्लोफिनॅक हें औषध त्यांच्या प्रेतांतून गिधाडांच्या पोटांत जाऊन त्यांची मूत्रपिंडें निकामी करीत होतें, हें २००४ सालीं सिद्ध झालें, आणि २००६ सालीं भारतांत गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. आमचा प्रश्न असा आहे कीं, एवढा मोठा पक्षी, एवढ्या संख्येनें, सर्वांच्या डोळ्यांदेखत नाहींसा होत असतांना तें प्रथम ध्यानांत कोणाच्या आलें? ज्यानें मोजलें त्याच्या. राजस्थानांतील भरतपूरच्या अभयारण्यांत विभु प्रकाश या शास्त्रज्ञांनीं १९८० च्या दशकांत गिधाडांचीं घरटीं मोजून ठेविलीं होतीं. दहा वर्षांनीं त्यांनीं पुन्हां मोजलीं तेव्हां तफावत उघडकीस आली. पहिली मोजणी झालीच नसती तर दुसरीस अर्थ राहिला नसता. आपल्या गांवचीं गिधाडें कोणत्या सालीं गेलीं हें आज आपल्यापैकीं कोणास सांगतां येईल? तीं आहेत तोंवर कोणीं लिहिलें नाहीं, आणि गेलीं त्या दिवशींही कोणीं लिहिलें नाहीं.

नीलपंख कां घटतो? याचें एकच उत्तर देणें धाडसाचें होईल. परंतु ज्याचें अन्न कीटक आहे आणि घर ढोली आहे, त्याच्या अडचणी कोणत्या दिशेनें येतात हें सांगण्यास मोठी विद्वत्ता नको. कापसाच्या पिकावर फवारली जाणारीं विषें कीटकांस मारतात म्हणजे नीलपंखाचें ताट काढून घेतात. आणि अर्धमेला किडा पक्ष्यानें खाल्ला तर विष त्याच्या पोटांत जातें. हीं विषें केवळ पाखरांपुरतीं आहेत असें कोणीं समजूं नये. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले. ज्या शेतांत नाकतोडा, पाखरूं आणि फवारणारा माणूस हे तिघेही सुरक्षित नाहींत, त्या शेतांत सुधारणा झाली असें आम्हांस म्हणवत नाहीं. आमच्या पालकवर्गांत शेतकरी पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यावर कर्जाचा व बोंडअळीचा दोहोंकडून मार असतो, हें आम्ही जाणतों. फवारणी अजिबात सोडा असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु किडीचें प्रमाण पाहून, गरज असेल तेव्हांच व सांगितलेल्या मात्रेनेंच फवारावें. शेतांत पक्ष्यांस बसण्यासाठीं ठिकठिकाणीं उंच काठ्या रोवाव्या. एवढें शेतकी खात्याचे लोकही सांगतात. आडव्या दांडीची अशी एक काठी रोवण्यास खर्च कांहींच नाहीं. तीवर नीलपंख बसेल, कोतवाल बसेल, वेडा राघूही बसेल, आणि तिघेही आपली मजुरी किड्यांत वसूल करून घेतील.

दुसरी अडचण झाडांची. रस्ते रुंद करतांना प्रथम कुऱ्हाड पडते ती जुन्या झाडांवर. वर्धा ते सेवाग्राम या मार्गावरील जुनीं झाडें तुटूं लागलीं तेव्हां २०२० सालीं नागरिकांनीं त्यास विरोध केला, हें पुष्कळांस आठवत असेल. तोडलेल्या एका झाडाबद्दल दहा रोपें लावूं, असें अशा वेळीं सांगितलें जातें. रोपें लावावीं, अवश्य लावावीं. परंतु रोपास ढोली नसते. ढोली पडण्यास झाडाचें आयुष्य लागतें, आणि तोंवर नीलपंखानें अंडीं कोठें घालावीं हें कोणी सांगत नाहीं. वठलेलें झाड हें निरुपयोगी झाड, ही समजूत सोडावयास हवी. हिंगणीच्या आसपास शेताच्या बांधावर जीं अशीं झाडें उभीं आहेत त्यांत नीलपंखाशिवाय पिंगळा, पोपट, साळुंकी, हुदहुद असे कितीतरी भाडेकरू राहतात.

पवित्र शास्त्रांतील अनुवादाच्या पुस्तकांत एक लहानशी आज्ञा आहे. वाटेंत झाडावर किंवा जमिनीवर घरटें आढळलें आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिलांबरोबर आईस धरूं नये, अशा अर्थाची ती आहे. राजे, युद्धें, यज्ञ यांविषयींच्या मोठमोठ्या नियमांच्या मध्येंच ही घरट्याची आज्ञा यावी, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें. आई राहिली तर पुढल्या वर्षीं पुन्हां पिलें होतील, हा विचार आजच्या शास्त्रज्ञासही पटेल असा आहे. आपले कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची 'केवढें हें क्रौर्य!' ही कविता पुष्कळ विद्यार्थ्यांनीं वाचली असेल. शिकाऱ्यानें जखमी केलेली पक्षीण आपल्या पिलांसाठीं कशी तळमळते तें तींत आहे. ती कविता मुखोद्गत करून संध्याकाळीं गलोल घेऊन बाहेर पडणारा एखादा विद्यार्थी अजून आढळतो, म्हणून येथें तिची आठवण दिली.

लोकांनीं मनावर घेतलें तर किती थोडक्या काळांत काय होऊं शकतें याचें एक उदाहरण फार दूरचें, पण आपल्या बोरसारख्याच एका धरणाकांठचें आहे. नागालँडांतील वोखा जिल्ह्यांत दोयांग नांवाच्या जलाशयाजवळ पांगती हें गांव आहे. तेथील नागा लोक बहुतेक ख्रिस्ती आहेत. दर वर्षीं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत अमूर ससाणा नांवाचे लहानसे शिकारी पक्षी, वजनानें जेमतेम दीडशे ग्रॅमांच्या आसपास, उत्तर चीन व सैबेरियाकडून निघून आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे जातांना तेथें लाखोंनीं उतरतात. २०१२ सालीं असें उघडकीस आलें कीं, जाळीं लावून त्या एकाच हंगामांत लाखाहून अधिक ससाणे मारले गेले. देशभर हळहळ झाली. पण हळहळीनें कांहीं झालें नसतें. गांवचे वडीलधारे, तेथील मंडळ्या, पक्षिमित्र व वनखातें यांनीं घरोघर जाऊन लोकांस समजाविलें. गांवपंचायतींनीं शिकार बंद केली. मुलांचे निसर्गवर्ग सुरू झाले. पुढल्याच वर्षीं, २०१३ सालीं, एकही ससाणा जाळ्यांत पडला नाहीं. त्या वर्षीं तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहास संदेश देणारीं यंत्रें बांधून त्यांस सोडलें तेव्हां त्यांचीं नांवें ठेविलीं नागा, वोखा आणि पांगती. ज्या गांवानें आदल्या वर्षीं जाळीं लावलीं त्याच गांवचें नांव घेऊन एक पक्षी समुद्रापार गेला. आफ्रिकेस जाणारे हे ससाणे अरबी समुद्र ओलांडण्यापूर्वीं आपल्या महाराष्ट्रावरूनही जातात.

वर्ध्यास अशी जाळीं नाहींत, म्हणून आपलें काम त्यांच्याहून सोपें, असें वाटण्याचा संभव आहे. आम्हांस तें अधिक कठीण वाटतें. तेथें काय थांबवावयाचें हें सर्वांस दिसत होतें. येथें प्रथम नुकसान दिसण्याजोगें करावें लागेल, आणि त्यास वहीवांचून दुसरा उपाय नाहीं. या नागपूर-वर्धा प्रांतांत वही घेऊन हिंडण्याची परंपरा जुनी आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप उपदेशासाठीं खेडोपाडीं फिरतांना दगड व जीवाश्म पाहून टिपणें करीत, आणि त्यांवरून या प्रदेशाच्या भूगर्भाविषयींचे मोलाचे लेख तयार झाले. टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळें पाहून परततांना १८६३ सालीं बोरीजवळ ओढ्याच्या पुरांत त्यांचा अंत झाला. दगडांप्रमाणें पक्षी एका जागीं राहत नाहींत, एवढाच काय तो आपला त्रास अधिक.

पक्ष्यांची नोंद कशी करावी तें आतां सांगतों. महाराष्ट्र शासनानें ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह ठरविला आहे. ५ नोव्हेंबर हा अरण्यमहर्षि मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन; विदर्भाच्या रानांत वनाधिकारी म्हणून आयुष्य घालवून त्यांनीं मराठीस पक्ष्यांचें व अरण्याचें शब्दधन दिलें; २०२५ च्या जून महिन्यांत ते आपणांस सोडून गेले. १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिन. त्यांच्या आत्मचरित्राचें नांव 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' असें आहे. तें वाचून शुभवर्तमानांतील चिमणीची आठवण कोणास होणार नाहीं? या सप्ताहांत प्रत्येकानें आपल्या गांवचा एक ठराविक रस्ता निवडावा. हिंगणीच्या मुलांनीं गांवापासून धरणाच्या वाटेचा एक तुकडा घेतला तरी चालेल, मात्र अभयारण्याच्या हद्दींत परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. सूर्योदयानंतर अर्धा तास तेवढ्याच रस्त्यानें सावकाश चालावें. वहींत तारीख, निघाल्याची व परतल्याची वेळ, आभाळ कसें होतें, आणि दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याचें नांव व संख्या लिहावी. नांव ठाऊक नसेल तर रंग, चोंच, शेपटी व वागणूक लिहून चित्र काढावें. अंदाजानें नांव ठोकून देऊं नये. जवळ दुर्बीण नसली तरी बिघडत नाहीं. तारेवरचा नीलपंख उघड्या डोळ्यांस चांगला दिसतो. मग दर महिन्यास एकदां, त्याच रस्त्यानें, त्याच वेळीं, तसेंच करावें. फेब्रुवारींत जगभर चार दिवस पक्ष्यांची गणना होते व भारतांतील पक्षिनिरीक्षक २०१३ पासून तींत सामील होतात. तींत पंधरा मिनिटांची यादीही स्वीकारली जाते, तेव्हां वेळ नाहीं ही सबब कोणासही सांगतां यावयाची नाहीं.

याबरोबर इतर गोष्टीही वहींत आपोआप येतील. हिंवाळ्यांत जलाशयावर चक्रवाकाची पहिली जोडी कधीं उतरली. चातक कोणत्या तारखेस आला. टिटवीनें अंडीं उंचवट्यावर घातलीं कीं सखल जागीं, आणि शेतकरी त्यावरून पावसाचा जो होरा बांधतात तो त्या वर्षीं खरा ठरला कीं नाहीं. करकोचा आपला ऋतु ओळखतो असें यिर्मया संदेष्ट्यानें म्हटलें आहे. आपण तो ऋतु टिपून ठेवावयाचा. संक्रांतीच्या सुमारास झाडांत व तारांत अडकलेला मांजा मोजून काढून टाकावा, पण विजेच्या तारांस मात्र हात लावूं नये. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानें २०१७ सालीं बंदी घातली असली तरी तो अजून विकला जातो, आणि पालकांनीं तो घरांत येऊं देऊं नये अशी त्यांस विनंती आहे.

एक सूचना विशेष महत्त्वाची. ज्या दिवशीं नीलपंख दिसला नाहीं त्या दिवशीं त्याच्या नांवापुढें शून्य लिहावें. मुलांस शून्य लिहिण्याची लाज वाटते. त्यांस वाटतें आपली फेरी फुकट गेली. परंतु भरतपूरची गोष्ट ज्यानें वाचली त्यास शून्याची किंमत कळेल. मनानें भरलेला एक खोटा आंकडा दहा खऱ्या आंकड्यांचा नाश करितो.

येत्या फेब्रुवारीपासून ज्यांस नीलपंखाची हवेंतील कोलांटी दिसेल त्यांनीं ती जागा लिहून ठेवावी. ढोली जवळच असण्याचा संभव असतो. ढोली सांपडल्यास झाडावर चढूं नये, आंत काठी घालूं नये, पन्नास पावलें दुरून पाहावें, आणि ती जागा चारचौघांत सांगूं नये. पहिल्यांदा चोंचींत किडा घेऊन नीलपंख ढोलींत शिरतांना कोणत्या तारखेस दिसला, तासाभरांत किती वेळां आला, आणि शेवटचें पिलूं कधीं उडालें, इतकें टिपलें तरी पुष्कळ झालें. झाड कोणाच्या शेतांत आहे तें मालकास नम्रपणें सांगून, पाऊस पडेपर्यंत तें तोडूं नये अशी विनंती करावी. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडतांच सर्वांनीं आपल्या वह्या शास्त्राच्या शिक्षकांकडे आणून द्याव्या. हिंगणी, सेलू, केळझर, वर्धा अशा गांववार त्या लावून शाळेच्या कपाटांत ठेवूं. ज्यांच्या वहींत नीलपंखाच्या नांवापुढें सबंध वर्षभर शून्येंच पडलीं असतील त्यांनींही वही अवश्य द्यावी.